विस्तव बाहेर, ऊब आत

डुलुथ हे अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातलं, लेक सुपीरियरच्या पश्चिम टोकाचं बंदर. तिथून ६१ क्रमांकाचा रस्ता सरोवराचा काठ धरून कॅनडाच्या सरहद्दीकडे जातो. वाटेत गूजबेरी फॉल्स लागतो, स्प्लिट रॉकचा दीपस्तंभ लागतो, पुढे ग्रँड मरे. ऑक्टोबर सरता सरता या काठावर रात्रीचा पारा शून्याखाली उतरू लागतो आणि तंबूवाले घरी परततात. तरीही मागे राहणारे काही असतात. त्यांच्यापैकी एका निवृत्त कारागिराने स्वतःच्या गॅरेजमध्ये बांधलेला छोटा ट्रेलर आणि त्यात स्वतःच बसवलेला प्रोपेनचा हीटर मी अगदी सावकाश, जमिनीला पाठ टेकवून पाहिला आहे. हीटर दुकानातून आणलेला. पण तो कुठे ठेवला आहे, कोणकोणत्या नळ्यांनी बाहेरच्या हवेशी जोडला आहे, हे बघताना मला एखादी बांधेसूद कविता वाचल्याचा आनंद मिळाला. या लेखात त्या जोडणीचं रसग्रहण करायचं आहे.

आधी ट्रेलर. पुढून गोलसर, मागे निमुळता, पाण्याच्या थेंबासारखा. असे ट्रेलर अमेरिकेत १९३० च्या दशकापासून लोक घरी बांधत आले आहेत. १९४० च्या दशकात ‘मेकॅनिक्स इलस्ट्रेटेड’सारख्या मासिकांनी त्यांचे आराखडे छापले आणि हौशी लोकांनी ते गॅरेजमधून उतरवले. मापं प्लायवुडने ठरवून दिलेली. प्लायची शीट तिकडेही आठ बाय चार फुटांची, म्हणून एका शीटमध्ये एक बाजू. रुंदी पाच फूट. आत फक्त बिछाना. ओटा मागच्या अंगाला, वर उचलायच्या झाकणाखाली. चहा करायचा तर बाहेर उभं राहूनच. झोपायची जागा आणि ओटा यांच्यामध्ये एक पातळ आडभिंत. ही आडभिंत लक्षात ठेवावी, पुढे सगळी गंमत तिच्याभोवतीच आहे.

एवढ्या जागेला ऊब किती लागते? भिंती, छप्पर आणि जमीन मिळून सतरा चौरस मीटरच्या आसपास भरतात. मध्ये पाऊण इंची फोम आहे. बाहेर उणे चार अंश असताना आत अठरा ठेवायचे तर साधारण ५३० वॉट पुरतात. आपल्या घरातली इस्त्री याहून जास्त खाते. शिवाय झोपलेली दोन माणसं मिळून दीडशे वॉटच्या आसपास उष्णता स्वतःच देत असतात. म्हणजे ऊब निर्माण करणं ही इथली अडचण नव्हेच.

अडचण श्वासाची आहे. झोपायच्या खोलीचं घनफळ फार तर चार घनमीटर. त्यातल्या हवेत सुमारे ८४० लिटर प्राणवायू. प्रोपेनच्या एका रेणूला जळायला प्राणवायूचे पाच रेणू लागतात. हिशेब केला तर फक्त ४४ ग्रॅम प्रोपेन जळायला १२० लिटर प्राणवायू खर्ची पडतो, आणि खोली हवाबंद धरली तर त्याचं प्रमाण २१ टक्क्यांवरून १८ वर येतं. बाजारातला लहानात लहान, उघड्या जाळीचा हीटरसुद्धा तासाला ऐंशी ग्रॅमच्या घरात गॅस जाळतो. म्हणजे अर्ध्या तासाचा खेळ. प्राणवायू कमी पडू लागला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटीहून जास्त ओढीने चिकटतो. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने गेलेल्या जिवांच्या बातम्या आपल्याकडे हिवाळ्यात वाचाव्या लागतात. तिथेही घडतं ते हेच.

चांगल्या बसवणाऱ्याचं पहिलं काम म्हणूनच विस्तवाचा श्वास आणि माणसाचा श्वास वेगळे ठेवणं. या ट्रेलरची सगळी जोडणी या एका नियमातून निघाली आहे, आणि मला तिचं सर्वांत मोठं कौतुक वाटतं ते यासाठी. पडद्यामागचा एक निर्णय दहा बारीक निर्णयांत उतरलेला दिसतो आणि कुठेही त्याचा धागा सुटत नाही.

निवडीपासून बघा. उघड्या जाळीचे हीटर स्वस्त असतात, त्यांना चिमणी लागत नाही, आणि प्राणवायू १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की गॅस तोडणारी सोयही त्यांच्यात असते. (रॉकी पर्वतात, सात हजार फुटांच्या वर गेलं की विरळ हवेमुळे हीच सोय हीटरला अवेळी विझवते.) प्लॅटिनमच्या जाळीवर बिनज्योतीचा जळणारा कॅटॅलिटिक हीटर त्याहून सभ्य, पण तोही हवा खोलीतलीच घेतो आणि जळून उरलेलं खोलीतच सोडतो. यांतला कुठलाही हीटर छत्री धरून बसलेल्या माणसाचे हात शेकायला ठीक. झोपलेल्या माणसाच्या खोलीत मी तो कधीही मान्य करणार नाही. या गृहस्थांनी घेतला तो प्रोपेक्स एचएस २०००. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनला तयार होणारा, १,९०० वॉटचा, पूर्ण चालला तर तासाला १४२ ग्रॅम गॅस घेणारा. त्याचा जळणकक्ष सीलबंद असतो. जळायची हवा एका नळीने बाहेरून येते, जळलेला वायू दुसऱ्या नळीने बाहेर जातो, आणि खोलीतली हवा तापलेल्या धातूच्या कवचावरून फक्त फिरून येते. ज्योत आणि खोली यांच्यामध्ये धातूचा पत्रा असतो. चालू करताना आधी पंखा जळणकक्षातली शिळी हवा झटकून टाकतो, मगच व्हॉल्व्ह उघडतो आणि ठिणगी पडते. ठिणगी पडूनही ज्योत धरली नाही तर गॅस आपोआप बंद.

आता जागा. बहुतेक हौशी लोक हा डबा बिछान्याच्या पायथ्याशी, आतच, एखाद्या खोक्यात लपवतात. इथे तो आडभिंतीच्या पलीकडे, ओट्याखालच्या कपाटात बसवला आहे. झोपायच्या खोलीत गॅसचा एकही सांधा नाही. उद्या एखादा सांधा ढिला पडलाच तर गळती कपाटात होईल. आणि प्रोपेन हवेच्या दीडपट जड असल्यामुळे ती खाली बसेल. म्हणून कपाटाच्या तळाला जाळी लावलेलं एक भोक आहे, थेट जमिनीकडे उघडणारं. गॅस तिथून गळून जाईल. या भोकाला पंखा नाही, वायर नाही, ते गुरुत्वाकर्षणावर चालतं, आणि म्हणूनच ते कधी बिघडणार नाही.

आडभिंतीत दोन गोल तोंडं आहेत. एकातून गरम हवा पायांकडे येते. दुसरं तोंड बघून मी खरोखर थांबलो. गरम व्हायला जाणारी हवा हीटर कुठूनही ओढू शकला असता. कपाटातून ओढली असती तर एक नळी वाचली असती, भोक वाचलं असतं. पण कपाट ओट्याखाली आहे. मागचं झाकण उघडून कुणी शेगडीवर चहा ठेवला की शेगडीचा धूर, आणि दुर्दैवाने गळती असेल तर गॅसही, हीटरच्या पंख्याने थेट झोपलेल्यांच्या तोंडावर आणून सोडला असता. या गृहस्थांनी परतीची हवासुद्धा स्वतंत्र नळीने खोलीतूनच घेतली आणि ती नळी दोन्ही टोकांना पट्ट्यांनी आवळली. खोलीची हवा खोलीतच गोल फिरते. कपाटाशी तिचा संबंध येत नाही. हे सुचायला नुसतं प्लंबिंग येऊन भागत नाही. मध्यरात्री कोण कुठे झोपलं आहे आणि कोण चहा करतं आहे, हे डोळ्यांपुढे आणावं लागतं. गरम हवेच्या तोंडावर दोन बोटं पुढे आलेली लाकडी चौकट आहे, रजई सरकून तोंड बंद होऊ नये एवढ्यासाठी.

मग मी ट्रेलरखाली गेलो. धुराची नळी स्टेनलेस स्टीलची, लवचीक, अंगठ्याहून थोडी जाड. प्लायमधून ती जिथे उतरते तिथे प्लायला चिकटलेली नाही. भोक मोठं, त्यावर पत्र्याची चकती, मधल्या फटीत न जळणारी लोकर. गरम नळी आणि लाकूड यांची गाठ पडू नये, ही तर बांधकामातली बाराखडी. डोळ्यांत भरतो तो त्या नळीचा ढाळ. हीटरपासून तोंडापर्यंत ती सतत उतरत जाते, मध्ये कुठेही झोळ नाही. ४४ ग्रॅम प्रोपेन जळलं की ७२ ग्रॅम पाणी तयार होतं. ते वाफेच्या रूपात निघतं, पण उणे तापमानातल्या नळीत त्याचं पुन्हा पाणी होतं. नळीला जरा झोळ पडला की पाणी त्यात साचतं, रात्री गोठतं, धुराची वाट बुजते आणि ऐन थंडीत पहाटे हीटर हात वर करतो. पुष्कळ लोक हीटरला शिव्या घालतात, दोष झोळाचा असतो. इथे दर वीतभर अंतरावर एक क्लॅम्प आहे आणि प्रत्येक क्लॅम्प आधीच्यापेक्षा किंचित खाली आहे. नळीचं तोंड तिरकं कापून मागच्या दिशेला वळवलेलं, म्हणजे गाडी चालताना चिखल आत शिरत नाही. हवा घेणारं तोंड त्यापासून चांगलं दूर आणि दुसऱ्या बाजूला. आपणच सोडलेला धूर हीटरने पुन्हा ओढू नये. दोन्ही तोंडं दारापासून आणि खिडकीपासूनही लांब आहेत.

हेच पाणी आत सोडणाऱ्या हीटरमध्ये काय होतं, हेही सांगायला हवं. दोन माणसांच्या अंगातून आणि श्वासातून रात्रभरात अर्धा लिटरभर पाणी तसंही निघतं. उघड्या हीटरचं पाणी त्यात मिसळलं की सकाळी छतावरून थेंब गळतात, फोमच्या मागे प्लाय काळी पडते. सीलबंद हीटर आपलं पाणी बाहेर टाकतो. माणसांच्या वाट्याचं घालवण्यासाठी छतातली झडप बोटभर उघडी ठेवायची एवढंच उरतं.

गॅसची वाट हा वेगळाच आनंद. सिलिंडर पुढे, ट्रेलरच्या दांडीवर, उघड्या हवेत. तिकडचा गॅस बहुतांशी निव्वळ प्रोपेन, आणि प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतं, त्यामुळे मिनेसोटाच्या थंडीतही सिलिंडरमधून वाफ निघत राहते. आपल्या घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेनबरोबर ब्युटेन असतं. ते शून्याच्या जेमतेम खाली उकळतं आणि कडाक्याच्या थंडीत वाफ व्हायचंच थांबतं. लडाखमध्ये हिवाळा काढलेल्यांना हा अनुभव असेल. रेग्युलेटरमधून गॅस बाहेर पडतो तो अकरा इंच पाण्याच्या दाबाने, म्हणजे अठ्ठावीस सेंटिमीटर उंच पाण्याचा स्तंभ जेमतेम तोलून धरेल इतक्या. आपल्या स्वयंपाकघरातल्या शेगडीलाही तीस सेंटिमीटरच्या आसपासचाच दाब मिळतो. इतका हलका दाब पुढून मागे नेणारी नळी मात्र सलग, एकाच तांब्याच्या तुकड्याची आहे. सांधे दोनच, दोन टोकांना. ट्रेलरच्या पोटाखाली, जिथे हात सहज पोचत नाही, तिथे एकही नाही.

त्या टोकांपाशी मी बराच वेळ होतो. तांब्याची नळी कापल्यावर तिच्या आतल्या काठाला धारदार बर राहते; ती इथे पूर्ण काढलेली. मग टोक पसरवून त्याची फुलासारखी कड केलेली, ४५ अंशांत, सगळीकडून एकसारखी, चीर नाही, ओरखडा नाही. नट आवळला की ही कड समोरच्या पितळी कोनावर दाबून बसते आणि धातूला धातू भिडून गॅस अडतो. आट्यांचं काम फक्त आवळण्याचं. म्हणून इथे टेप गुंडाळलेली नाही. नवशिका माणूस भीतीपोटी इथेही टेप लावतो आणि सांधा बिघडवून ठेवतो. रेग्युलेटरजवळच्या निमुळत्या आट्यांना मात्र गॅससाठीचं सीलंट आहे, कारण तिथे आट्यांनाच गॅस अडवायचा असतो. कुठे लावायचं आणि कुठे नाही, हे ज्याच्या हाताला ठाऊक आहे त्याची ही सही समजावी. लोखंडी सांगाड्यातून नळी जाते तिथे रबरी ग्रोमेट, आणि हीटरपाशी पोचण्याआधी नळीला एक मोठा वळसा दिलेला. तांबं हादरे खाऊन खाऊन कडक होतं आणि मग तडकतं. वळसा ते हादरे सगळ्या लांबीवर वाटून घेतो.

गळतीची परीक्षा त्यांनी माझ्यासमोर घेतली. साबणाचं पाणी ब्रशने प्रत्येक सांध्याला लावलं, तो नेहमीचा भाग. त्यानंतर फळीवर ठोकलेली पारदर्शक प्लॅस्टिकची नळी आणली, इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली, आत लाल रंगाचं पाणी. एक टोक गॅसच्या वाटेला जोडलं. सिलिंडर उघडल्यावर एका बाजूचं पाणी खाली गेलं, दुसरीकडचं वर चढलं, दोन्हींमध्ये अकरा इंचांचा फरक. सिलिंडर बंद केला. पाणी किंचित थरथरलं आणि स्थिर झालं. मग आम्ही काही न करता त्या लाल रेषेकडे बघत राहिलो. कुठेही केसाएवढी फट असती तर ती रेषा हळूहळू उतरली असती. ती पेन्सिलीच्या खुणेवरून हलली नाही. महागडं उपकरण वापरलं असतं तरी याहून विश्वासाचं उत्तर मिळालं नसतं.

एवढं करूनही ते स्वतःच्या कामावर विसंबून राहिलेले नाहीत, हे मला विशेष आवडलं. गॅसला वास यावा म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन मिसळलेलं असतं, पण झोपेत नाक काम देत नाही. म्हणून आत दोन डिटेक्टर आहेत. प्रोपेनचा खाली, गादीच्याही खाली, जमिनीलगत. कारण जड गॅस तिथे साचतो. कार्बन मोनॉक्साइडचा वर, उशीच्या उंचीवर; तो हवेत मिसळून पसरतो, म्हणून जिथे श्वास घेतला जातो तिथे. दोन्ही एकाच पट्टीवर शेजारी शेजारी लावलेले ट्रेलर मी पाहिले आहेत. दिसायला नीटनेटके, पण त्यांतला एक नक्कीच चुकीच्या जागी. कारखान्यात तयार होणाऱ्या अशा गाड्यांसाठी अमेरिकेत एनएफपीए ११९२ हे मानक आहे आणि त्यात या डिटेक्टरांची अट आहे. घरी बांधणाऱ्याने ते मानक स्वतःहून पाळायचं असतं.

उणीव एकच, पण ती आहे. ५३० वॉटच्या गरजेला १,९०० वॉटचा हीटर मोठा पडतो. तो पेटतो, दहा मिनिटांत खोली तापवतो, विझतो, पुन्हा पेटतो. प्रत्येक वेळी पंख्याची घरघर सुरू होते आणि हलकी झोप असणाऱ्याला जाग येते. डब्याखाली रबर घालून त्यांनी आवाज कमी केला आहे, गेलेला नाही. बोटींसाठी बनवलेला डिकिन्सनचा न्यूपोर्ट हीटर याहून लहान, तोही सीलबंद, एकात एक बसवलेल्या दोन नळ्यांमधून हवा घेणारा आणि धूर सोडणारा, आणि त्याला काचेची खिडकी असल्यामुळे ज्योत दिसते. माझा जीव त्या ज्योतीवर आहे. पण त्याला मोकळी भिंत हवी आणि छतातून चिमणी हवी. थेंबाच्या आकाराच्या ट्रेलरमध्ये मोकळी भिंत नसतेच. जागा बघता त्यांची निवड बरोबर आहे, असंच मला म्हणावं लागेल. गॅसचा खर्चही अंगावर येत नाही. हीटर एकतृतीयांश वेळ चालला तर दहा तासांच्या रात्रीला अर्धा किलोच्या आतच लागतो. नऊ किलोचा सिलिंडर अठरा-वीस रात्री काढतो.

परदेशात राहणारे आपले अनेक जण आता जुने ट्रेलर आणि सजवलेल्या व्हॅन विकत घेऊ लागले आहेत. त्यांना एकच सांगणं. आतले दिवे, गादी, लाकडाचं पॉलिश नंतर बघा. आधी जमिनीवर चटई टाका, टॉर्च घेऊन खाली सरका आणि हीटरची वाट शोधा. हवा घेणारं एक तोंड आणि धूर सोडणारं दुसरं तोंड, अशी दोन्ही बाहेर उघडताना दिसली नाहीत, तर तो हीटर चालू करून त्या गाडीत एकही रात्र झोपू नका.